पुण्यातील घराचे नूतनीकरण: उष्णता अडवण्याची आणि वीज वाचवण्याची कामे कोणत्या क्रमाने करावीत

घराच्या नूतनीकरणाचा खर्च ठरवताना फरशी, स्वयंपाकघरातील ट्रॉली, बाथरूमची फिटिंग आणि रंग यांचा विचार सर्वांत आधी होतो. घर उन्हाळ्यात किती तापते, हा प्रश्न मात्र काम संपून रंगही वाळल्यानंतर, एप्रिलमध्ये पुढे येतो आणि तोवर एसी बसवण्यावाचून फारसे काही हातात उरलेले नसते. वास्तविक उष्णता अडवण्याची बहुतेक कामे तोडफोडीच्या टप्प्यावर कमी खर्चात होतात, आणि तीच कामे नंतर करायची ठरवल्यास नवा गिलावा किंवा नवे सीलिंग पुन्हा फोडावे लागते. म्हणून पुढील मजकुरात कोणते साहित्य घ्यावे यापेक्षा कोणते काम कशाच्या आधी करावे यावर अधिक भर दिला आहे. बंगला, रो-हाउस आणि सोसायटीतील सर्वांत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट यांना तो पूर्णपणे लागू पडेल. मधल्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीचा भाग सोडून पुढे वाचले तरी चालेल.

पुण्याचे ऊन आणि पुण्याची रात्र

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत जातो, परंतु रात्री तो पुष्कळ उतरतो आणि पहाटेची हवा बहुधा सुखद असते. दिवसरात्रीच्या तापमानातील हा मोठा फरक म्हणजे येथील घरमालकाच्या हातातील सर्वांत स्वस्त साधन आहे, कारण दिवसा उष्णता बाहेर अडवली आणि रात्री गार हवा आत घेतली, तर वर्षातील बहुतेक दिवस पंख्यावर भागते.

सूर्याचा मार्गही ध्यानात घ्यावा लागतो. पुण्याचे अक्षांश साधारण साडेअठरा अंश उत्तर असल्याने मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. ऐन उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन गच्चीवर पडते, त्याखालोखाल पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या भिंतींवर. दक्षिणेची भिंत, जिच्याविषयी लोक अनेकदा विनाकारण धास्ती बाळगतात, ती एप्रिल-मेमध्ये फारशी तापत नाही. तिच्यावर ऊन येते ते हिवाळ्यात, आणि तेव्हा ते हवेसेच असते. त्यामुळे हाताशी पैसे मर्यादित असतील, तर आधी गच्ची, मग पश्चिमेच्या खिडक्या, मग पश्चिमेची भिंत, आणि यंत्रे सर्वांत शेवटी, असा क्रम धरावा.

तोडफोडीपूर्वीची पाहणी

कंत्राटदाराला बोलावण्यापूर्वी शक्य असल्यास उन्हाळ्यातील दोन-तीन दिवस घराचे तापमान मोजावे. त्यासाठी स्पर्श न करता तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. दुपारी चार वाजता आणि रात्री दहा वाजता स्लॅबची खालची बाजू, प्रत्येक बाहेरची भिंत आतून, आणि खिडकीची काच यांचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. नऊ इंची विटेची भिंत उष्णता आत पोहोचवण्यास काही तास घेते. म्हणून दुपारी फारसे काही न जाणवणारी पश्चिमेची भिंत रात्री जेवणे झाल्यावर हात लावून पाहिली, तर चक्क कोमट लागते. पलंगाची उशाकडची बाजू याच भिंतीला असेल, तर रात्रभर पंखा लावूनही झोप का लागत नाही, हे तिथेच कळते.

त्याच वेळी महावितरणची मागील वर्षभराची बिले काढावीत. घरगुती वीजदर १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० युनिटच्या पुढे अशा टप्प्यांनी वाढतो. बचत झालेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात. उन्हाळ्यात ३०० युनिटची रेषा ओलांडणाऱ्या कुटुंबाला ती रेषा न ओलांडण्याचा फायदा सरासरी दराने मांडलेल्या हिशेबापेक्षा मोठा असतो.

इमारत जुनी असेल, तर या टप्प्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्यावा. पोपडे सुटलेला, सळई उघडी पडलेला स्लॅब नव्या सीलिंगखाली झाकणे धोक्याचे आहे.

गच्ची: सर्वाधिक खर्च येथेच करावा

पुण्यातील बहुतेक गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. गळती थांबवण्यासाठी तो उपयोगी असला, तरी उष्णता अडवण्याच्या बाबतीत लोक समजतात तेवढा तो समर्थ नाही. एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. पाच इंची आरसीसी स्लॅब, त्यावर चार इंच कोबा, खाली गिलावा, असे छप्पर धरले, तर एका चौरस मीटरमधून तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे सुमारे २.३ वॉट उष्णता आत येते. या आकड्याला यू-मूल्य म्हणतात आणि तो जितका कमी तितके छप्पर चांगले. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी जाहीर केलेल्या ‘इको निवास संहिते’त छपरासाठी या मूल्याची कमाल मर्यादा १.२ ठेवली आहे. ती संहिता मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींसाठी असली, तरी आपल्या घरासाठी मापदंड म्हणून ती वापरण्यास हरकत नाही.

आता याच छपरावर २५ मिलिमीटर जाडीचे एक्सपीएसचे, म्हणजे दाबून तयार केलेल्या कडक पॉलिस्टायरिन फोमचे, तक्ते घातले, तर यू-मूल्य ०.८ च्या आसपास येते. ५० मिलिमीटरचे घातले, तर ०.५ च्या खाली जाते. दहा बाय बाराच्या खोलीवर गच्चीचा पृष्ठभाग आतल्या हवेपेक्षा २५ अंशांनी तापलेला आहे असे धरले, तर पूर्वी सुमारे ६३० वॉट उष्णता आत येत असे, म्हणजे छताला एक छोटी विजेची शेगडी उलटी टांगल्यासारखे. २५ मिलिमीटरच्या थरानंतर ती सुमारे २२० वॉटवर येते. जाडी दुप्पट केल्याने मिळणारा पुढचा फायदा त्यामानाने कमी असतो, म्हणून बजेट तंग असल्यास २५ मिलिमीटरवर समाधान मानावे आणि वाचलेले पैसे खिडक्यांकडे वळवावेत.

हे काम ज्या क्रमाने होते, त्यातच त्याचे यश असते. आधी जुना कोबा भक्कम आहे का, हे ठोकून पाहावे. पोकळ आवाज येत असेल, तर तो काढावा. जुन्या कोब्यावर नवा कोबा घालण्याचा सल्ला काही गवंडी सहज देतात, पण चार इंच कोब्याचे वजन चौरस मीटरला दीडशे किलोहून जास्त भरते आणि तो भार पेलण्याची जुन्या स्लॅबची क्षमता आहे का, हे इंजिनिअरनेच सांगायला हवे. त्यानंतर उतार पाणी जाण्याच्या पाइपाकडे नीट आहे ना ते तपासून वॉटरप्रूफिंगचा थर द्यावा, तो पॅरापेट भिंतीवर किमान फूटभर वर चढवावा, आणि पाइपाचे तोंड बंद करून गच्चीवर किमान ४८ तास पाणी साठवून ठेवावे. खाली ओल आली नाही, याची खात्री झाल्यावरच फोमचे तक्ते सांध्यांना सांधा भिडवून बसवावेत, त्यावर जिओटेक्स्टाइलचे कापड पसरावे आणि मग जाळी घातलेला सिमेंटचा थर द्यावा. हा थर सलग न ओतता ठरावीक अंतरावर सांधे सोडून चौकोनांत ओतावा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात त्याला तडे जातात. शेवटी पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक किंवा फिक्या रंगाच्या परावर्तक टाइल्स बसवाव्यात. फोम वॉटरप्रूफिंगच्या वर ठेवण्याचा आणखी एक लाभ असा, की त्या थराचे उन्हापासून रक्षण होते आणि त्याचे आयुष्य वाढते.

फोम घेताना साध्या थर्माकोलवर भागवू नये. गच्चीवर माणसे चालतात, टाक्या ठेवल्या जातात, गादी वाळत घातली जाते. हलक्या घनतेचा थर्माकोल कालांतराने दबतो आणि वरच्या फरशीला खळगे पडतात. घनमीटरला ३० ते ३५ किलो घनतेचे तक्ते मागावेत आणि सील फोडण्यापूर्वी वेष्टनावरील घनता व जाडी स्वतः वाचावी.

ही सगळी कामे जानेवारी ते मेच्या मध्यापर्यंत उरकावीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्धवट उघडी गच्ची असणे म्हणजे घरात पाणी घेणे होय.

एवढा खर्च शक्य नसेल, तर परावर्तक पांढरा रंग हा सर्वांत स्वस्त आणि तरीही परिणामकारक उपाय आहे. नवा रंग बहुतेक ऊन परतवतो, पण पुण्यातील धूळ, विशेषतः आसपास बांधकामे चालू असतील तर, काही महिन्यांत त्याचा पांढरेपणा घालवते. म्हणून होळीच्या सुमारास गच्ची घासून धुण्याचा शिरस्ता ठेवावा आणि तीन-चार वर्षांनी नवा हात द्यावा. रंग ओल्या किंवा शेवाळलेल्या कोब्यावर देऊ नये. हिरवी जाळी बांधूनही सावली मिळते. मात्र ती गच्चीला चिकटवून न बांधता सात-आठ फुटांवर बांधावी, जेणेकरून खालून वारा खेळेल.

पुण्यात गळतीला कंटाळून गच्चीवर पत्र्याची शेड उभारण्याची पद्धत रूढ आहे. उष्णतेच्या दृष्टीने ती खरोखर उपयोगी पडते, कारण स्लॅबवर ऊनच पडत नाही आणि मधल्या मोकळ्या जागेतून तापलेली हवा निघून जाते. पण त्यासाठी महापालिकेची आणि सोसायटीची परवानगी घ्यावी लागते, आणि बाजू बंद केल्या तर शेडखालची हवा कोंडून उलट त्रास वाढतो.

सर्वांत वरच्या मजल्यावरील फ्लॅटधारकाची अडचण वेगळी असते. गच्ची सोसायटीच्या मालकीची असते आणि सभेत खर्चाचा विषय निघाला की तो पुढे ढकलला जातो. निदान रंगाच्या कामासाठी लेखी परवानगी मागावी आणि खर्च स्वतः करण्याची तयारी दाखवावी. तेही न जमल्यास स्लॅबच्या खालून, जिप्सम सीलिंगच्या वर ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंची उष्णतारोधक गादी) पसरता येते. हा दुय्यम पर्याय आहे, कारण स्लॅब तापतच राहतो आणि रात्री गार झालेल्या स्लॅबचा जो लाभ खोलीला मिळायला हवा, तोही मिळत नाही. शिवाय छत नऊ-साडेनऊ फूट असेल, तर सीलिंगनंतर पंख्याची पाती धोकादायक उंचीवर येत नाहीत ना, हे मोजून पाहावे. पंखा सीलिंगच्या चौकटीला न टांगता स्लॅबमधील हुकालाच टांगावा, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

पेठांमधील वाडे आणि कौलारू घरे यांचा प्रश्न वेगळा आहे. कौलांखालचा माळा हा तापलेले छप्पर आणि राहण्याची खोली यांच्यामधला राखीव पट्टा असतो. ‘उंची मोकळी दिसावी’ म्हणून तो काढून टाकला की कौलांची धग थेट अंगावर येते. माळा ठेवावा, कौलांखाली हवेसाठी फट सोडून परावर्तक फॉइल लावावे. आणि माती-चुन्याच्या जाड भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवू नये. त्याने ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो. तेथे चुन्याचाच गिलावा करावा.

भिंती

आधी आपली भिंत कशाची आहे, ते पाहावे. नऊ इंची विटेच्या भिंतीचे यू-मूल्य सुमारे २ असते आणि सहा इंची एएसी, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या, ब्लॉकच्या भिंतीचे १ च्या आसपास. गेल्या काही वर्षांत मोठ्या गृहप्रकल्पांत अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सहा इंची काँक्रीटच्या भिंती येऊ लागल्या आहेत आणि त्यांचे मूल्य ३ च्या वर जाते. अशा फ्लॅटमध्ये पश्चिमेची भिंत हा गच्चीइतकाच महत्त्वाचा विषय ठरतो. सोसायटीत बाहेरून काही करता येत नसल्याने आतून लोखंडी चौकट, त्यात ५० मिलिमीटर रॉकवूल आणि वर जिप्सम बोर्ड, अशी रचना करावी लागते. खोलीची सुमारे अडीच-तीन इंच रुंदी जाते, ती जाऊ द्यावी.

यातील एक अट कधीही टाळू नये. पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि पाऊस याच भिंतीवर झोडपतो. बाहेरच्या भेगा भरून, बाहेरचा रंग देऊन, एक पावसाळा भिंत आतून कोरडी राहते हे पाहिल्याशिवाय तिच्यावर आतून आवरण चढवू नये. नाहीतर मागे बुरशी धरते आणि ती कुबट वासाखेरीज कशानेच कळत नाही. त्याच कारणाने अशा भिंतीवर विनाइलचा वॉलपेपरही लावू नये.

बंगल्याच्या बाबतीत बाहेरून उपाय करावा. पश्चिमेच्या भिंतीपासून थोडे अंतर सोडून जाळीवर वेल चढवणे, किंवा नवी खोली काढत असल्यास एएसी ब्लॉक वापरणे, हे दोन्ही आतल्या आवरणापेक्षा सरस आहेत.

खिडक्या आणि बंद केलेली टेरेस

दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटी छज्जा असेल, तर मार्चच्या अखेरपासून दुपारचे ऊन काचेवर पडतच नाही. तोच छज्जा पश्चिमेला मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता जेमतेम एक फूट सावली देतो, कारण सूर्य खाली उतरलेला असतो. पश्चिमेला छज्जा वाढवून फारसा उपयोग नाही. तेथे उभा आडोसा हवा: बाहेरून लावलेल्या आडव्या पट्ट्या, बांबूची चिक, किंवा वाळ्याचा पडदा. आतला पडदा कितीही जाड असला, तरी ऊन काचेतून आत आल्यावर मग अडते आणि ती उष्णता खोलीतच राहते. आडोसा शक्य तेवढा बाहेर असावा.

खिडक्या बदलायच्याच असतील, तर पुण्यासाठी काचेचा ‘सौर उष्णता गुणांक’, म्हणजे उन्हातील उष्णतेचा किती अंश काचेतून आत येतो तो आकडा, विक्रेत्याला विचारावा. साध्या पारदर्शक काचेसाठी तो ०.८ च्या आसपास असतो, पश्चिमेला ०.४ किंवा त्याहून कमी असलेली काच घ्यावी. दुहेरी काच चांगली, परंतु सगळ्या घराला ती लावण्याइतकी थंडी किंवा उष्णता पुण्यात नाही. रस्त्याचा आवाज आणि दिवसभर चालणारा एसी, ही दोन कारणे असतील तेथेच ती घ्यावी. जुन्या काचेवर गडद फिल्म लावताना सावध राहावे. काच अधिक उष्णता शोषते आणि मोठी साधी काच कडेने तडकू शकते.

तीन रुळांच्या स्लायडिंग खिडकीत एका वेळी उघडी राहते ती साधारण अर्धीच जागा. जेथे वारा आत येतो, त्या बाजूला कडी-बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी आणि वेगळी मच्छर-जाळी बसवावी. रात्री आठनंतर खिडक्या उघडायच्या, सकाळी नऊ-दहाला बंद करून आडोसे पाडायचे, ही शिस्त डासांमुळे मोडते. म्हणून जाळीवर कधीही काटकसर करू नये. हवा खेळण्यासाठी समोरासमोर दोन वाटा हव्यात. दुसरी खिडकी नसल्यास दारावरच्या व्हेंटिलेटरची जागा बुजवू नये.

टेरेस किंवा बाल्कनी काचांनी बंद करून खोलीत घेण्याचा मोह पुण्यात फार मोठा आहे. बाल्कनी ही आतल्या खोलीवरची सावली असते. ती बंद केली की त्या सावलीच्या जागी तापणारी काचेची पेटी येते आणि मग तिला वेगळा एसी लागतो. परवानगीचा प्रश्न आहेच; पण परवानगी मिळाली, तरीही पश्चिमेची बाल्कनी बंद करू नये, असे माझे ठाम मत आहे.

वायरिंग, पाणी आणि यंत्रे

भिंती फोडलेल्या असतानाच दोन गोष्टी उरकाव्यात. गरम पाण्याच्या पाइपावर नायट्राइल रबरची नळी चढवूनच झिरी बुजवावी. सोलर हीटर गच्चीवर आणि न्हाणीघर दोन मजले खाली असेल, तर नागड्या पाइपात रोज बादलीभर पाणी थंड होऊन वाया जाते. आणि एसीच्या बाहेरच्या युनिटची जागा आताच ठरवावी. ती उत्तरेला किंवा सावलीत असावी आणि पुढे मोकळी हवा असावी.

पंखे बदलण्याचा हिशेब सरळ आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा, पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या चार पंख्यांमागे महिन्याला सुमारे ६५ युनिट वाचतात. एसीची क्षमता गच्ची आणि खिडक्यांची कामे झाल्यावर ठरवावी, कारण आधी दीड टन लागणाऱ्या खोलीला नंतर एक टन पुरू शकतो. इन्व्हर्टर प्रकारचा, अधिक तारांकनाचा घ्यावा आणि लेबलवरील वर्षही वाचावे, कारण तारांकनाचे निकष वेळोवेळी कडक होत जातात. एसीच्या खोलीच्या दाराखालची फट ब्रशच्या पट्टीने बंद करावी.

गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे असतील, तर वॉटरप्रूफिंग आणि उष्णतारोधन आधी आणि पॅनेलचा सांगाडा नंतर. हा क्रम उलटा झाला, तर पायांचे बोल्ट नव्या थरांना भोके पाडतात. सांगाड्याच्या पायांसाठी काँक्रीटचे ठोकळे गच्चीच्या कामातच ओतून त्यांच्याभोवती वॉटरप्रूफिंग वर चढवून घ्यावे. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजने’त एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरवलेले आहे. पॅनेल उंचीवर बसवल्यास खालच्या स्लॅबला सावली मिळते, हा वेगळा लाभ. सौर यंत्रणा, गांडूळखत किंवा पर्जन्यजलसंचय असलेल्या घरांना पुणे महापालिका मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देते. काम पूर्ण झाल्यावर तिचा अर्ज करायला विसरू नये.

कंत्राटात काय लिहून घ्यावे

‘गच्चीचे हीटप्रूफिंग, रुपये अमुक’ अशा एका ओळीच्या कोटेशनवर काम देऊ नये. फोमची जाडी व घनता, वॉटरप्रूफिंगचे किती थर, पाणी साठवण्याच्या चाचणीचे तास, काचेचा प्रकार, रॉकवूलची जाडी, पाइपावरील आवरण, हे सर्व वेगवेगळ्या ओळींत यावे आणि साहित्याची मूळ बिले मालकाला मिळावीत. झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक थराचे फोटो काढावेत: फोम कापडाखाली जाण्यापूर्वी, रॉकवूल बोर्डामागे जाण्यापूर्वी, पाइप गिलाव्याखाली जाण्यापूर्वी. गच्चीच्या रकमेतील शेवटचे दहा टक्के पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट कामाला सुरुवात होण्यापूर्वी लेखी घालावी. चांगला कंत्राटदार तिला सहसा नकार देत नाही.